हरलेल्याला पण काम द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की शाळांमध्ये शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका घेतात, मोबाईलवर मशीनचं ॲप लावून पोरांना मतदान करायला लावतात, ते सगळं बंद करा, राजकारणाची घाण मुलांच्या डोक्यात आत्तापासून कशाला. पत्र वाचून आमच्या पडवीत दोन दिवस वाद चालला होता म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर आहे, आणि नोकरीत असताना दर निवडणुकीला ड्युटी लागायचीच, त्यामुळे मशीन, शिक्का, शाई, सतरा सी (केंद्रावर एकूण किती मतं पडली त्याचा कागद), हे सगळं हाताखालून गेलेलं आहे. त्या वाचकांचं औषध मला पटलं नाही पण त्यांचं दुखणं खरं आहे. त्यांनी लिहिलंय की निकाल लागला की जिंकलेली पोरं मिरवतात आणि हरलेल्या पोराला सगळे चिडवतात, ते पोर तोंड लपवत फिरतं. हे मी पण बघितलंय, एकदा नाही बऱ्याचदा. पण मग निवडणूक बंद करायची का? माझं म्हणणं आहे की खेळ अर्धा खेळवतो म्हणून असं होतं. मतदान होतं, मोजणी होते, गुलाल होतो आणि मास्तर म्हणतात चला आता वर्गात. त्यानंतरचा भाग कोणी खेळवतच नाही.

हे मला कळलं ते या मे महिन्यात, आणि शिकवलं ते आमच्या वाडीतल्या पोरांनी.

आमच्याकडे देवगड तालुक्यात मे महिना म्हणजे काय असतो ते तुमच्या वाचकांना सांगायला नको. मुंबईची पोरं येतात, गावातली असतातच, आंबा संपत आलेला असतो, मोठी माणसं दमून पडलेली असतात आणि दुपारी ह्या पोरांना कोणी विचारत नाही. तर गेली काही वर्षं ह्या पोरांनी एक देश काढलाय. माडदेश. त्याला झेंडा आहे (नारळाच्या झावळीचा), चलन आहे (काजूच्या बिया) आणि राजधानी आमच्या खळ्यात आहे, आमच्या परवानगीशिवाय. पंतप्रधान आत्तापर्यंत एकच होता, माझ्या पुतणीचा मुलगा, दहावीला गेलाय, डोंबिवलीला असतो. त्याच्याकडे सरकारी तिजोरी, म्हणजे बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात प्रत्येकाकडून घेतलेली वर्गणी, बॉल, टेप, कॅरमच्या सोंगट्या, आणि त्या डब्याच्या कुलपाची चावी त्याच्या गळ्यात. बॅटिंग कोणाला मिळणार ते तोच ठरवायचा. मोठ्या पोरांना मिळायची, मुलींना आणि लहानग्यांना फिल्डिंग, ती पण करवंदीच्या जाळीत बॉल गेला की.

ह्या वर्षी गावातल्याच एका मुलीने, नववीतली आहे, सांगितलं की निवडणूक घ्या. झालं. वाड्या पाच, म्हणून मतदारसंघ पाच. प्रत्येक वाडीत मोजून नऊ-नऊ मतदार होतील अशी याद्या केल्या, त्यासाठी दोन पोरांना एका वाडीतून काढून दुसऱ्या वाडीत टाकलं, त्यावरून रडारड झाली. सरकारी पक्षाची निशाणी होडी, विरोधकांची फणस. होडीचं म्हणणं रोज दर्यावर पोहायला जायचं, फणसाचं म्हणणं बॅटिंग पाळीने, सगळ्यांना, मुलींना पण. मतपत्रिका कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, पेटी आंब्याची रिकामी लाकडी पेटी, वर खाच पाडलेली. शाई म्हणून रातांब्याचा रस. मी सांगितलं बाबांनो ती टिकायची नाही, खऱ्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते, १९६२ पासून तिथलीच वापरतात, ती नखाच्या कडेला आठवडे जात नाही. ऐकतंय कोण.

आणि व्हायचं तेच झालं. एका बेरक्याने दुपारी विहिरीवर आंघोळ केली, बोट स्वच्छ, आणि चुलतभावाच्या नावावर दुसरं मत टाकून मोकळा. तो चुलतभाऊ, दुसरीतला, संध्याकाळी पेरू खात आला तर यादीत त्याच्या नावापुढे खूण. भोकाड पसरलं. तेव्हा मी मध्ये पडले, कारण ह्याला आपल्या कायद्यात सोय आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेला असेल तर तुम्ही हात हलवत परत जायचं नसतं. तुम्हीच तुम्ही आहात हे पटवून दिलंत तर केंद्राध्यक्षाने तुम्हाला कागदी मतपत्रिका द्यायची असते. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते मशीनमध्ये जात नाही, वेगळ्या पाकिटात सील होतं आणि मोजणीच्या दिवशी मोजत नाहीत, पुढे कोर्टात प्रकरण गेलं तर ते पाकीट कामाला येतं. तसं त्या पोराचं मत लग्नपत्रिकेच्या पाकिटात घातलं, मेणबत्तीने सील केलं. तो एवढा खूश झाला की पाकीट घेऊनच झोपायला निघाला होता.

मोजणी आमच्या पडवीत. आणि निकाल असा लागला की माझ्या पण डोक्याला मुंग्या आल्या. होडीने दोन वाड्या घेतल्या, दोन्हीकडे ८ विरुद्ध १. फणसाने तीन घेतल्या, तिन्हीकडे ५ विरुद्ध ४. म्हणजे होडीला ४५ पैकी २८ मतं आणि फणसाला फक्त १७, आणि सरकार फणसाचं! त्या डोंबिवलीकराचा चेहरा बघण्यासारखा होता. "आजी, मतं आमची जास्त, मग आम्ही हरलो कसे, हे चीटिंग आहे." आणि ज्या वाडीत ते डबल मत पडलं होतं तिथे पण ५-४ च, म्हणजे ते एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर सरकारच वाचलं असतं. मग लग्नपत्रिकेचं पाकीट फोडा म्हणून आरडाओरडा. सगळी जत्रा आमच्या ह्यांच्याकडे गेली, ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते, त्यांना हायकोर्ट केलं. ह्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, निवडणूक याचिका ४५ दिवसांच्या आत करायची, अर्ज लेखी आणा, आणि परत पेपरात डोकं. ४५ दिवसांत अर्धी पोरं मुंबईला शाळेत. खऱ्या हायकोर्टातल्या याचिकांचं पण बऱ्याचदा असंच होतं, निकाल येईपर्यंत पुढची निवडणूक जवळ आलेली असते, पण ते असो.

मतं जास्त आणि जागा कमी, हे कसं, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी समजावलं, आणि इथे पण सांगते कारण मोठी शिकलेली माणसं पण यावर भांडतात. आपल्याकडे प्रत्येक मतदारसंघ म्हणजे वेगळी मॅच. एका मॅचमध्ये शंभर रनने जिंकलात म्हणून उरलेले रन दुसऱ्या मॅचला जोडत नाहीत. कर्नाटकात २०१८ ला काँग्रेसला ३८ टक्के मतं होती आणि भाजपला ३६ च्या आसपास, पण भाजपच्या जागा १०४ आणि काँग्रेसच्या ८०. त्याच वर्षी मध्य प्रदेशात उलटं, भाजपची मतं किंचित जास्त पण जागा १०९, काँग्रेसच्या ११४. दोन्हीकडे ज्याची मतं जास्त तो जागांत मागे. इंग्लंडात तर १९५१ ला लेबर पक्षाला मतं जास्त आणि सरकार हुजूर पक्षाचं आलं, आणि फेब्रुवारी १९७४ ला बरोबर उलटं. हे चांगलं की वाईट यावर जगभर वाद चालू आहे, पण खेळ सुरू व्हायच्या आधी नियम मान्य केला की निकालानंतर नियमावर रडायचं नाही, एवढं त्या पोराला पटलं. पटलं म्हणजे तो गप्प बसला.

एका मताचं म्हणाल तर राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने पडले, ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. आणि १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असं एका मताने गेलं, ते तर टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय.

आता मुद्द्याचं. निकाल लागला, फणसवाल्यांनी ताटं वाजवली, आणि चावी मागितली. तर हा देईना. गळ्यातली चावी शर्टाच्या आत टाकली आणि पोफळीच्या बागेत जाऊन बसला. होडीची पोरं त्याच्या बाजूने उभी. "बाई, हो चावी देना नाय," म्हणून माझ्याकडे तक्रार. खरं सांगते, मला वाटलं संपला खेळ, आता मारामारी होणार आणि आयांना बोलवावं लागणार. दोन दिवस माडदेशात सरकारच नव्हतं. बॉल डब्यात बंद, कॅरम बंद. लहान पोरं जाऊन त्याला विनवत होती, तो म्हणायचा मी वर्गणी गोळा केली, मी हिशोब ठेवला, आता ह्यांनी पैसे उडवले तर कोण जबाबदार? आणि त्याचं ते म्हणणं अगदीच खोटं नव्हतं हो, हिशोबाची वही त्याने खरोखर चोख ठेवली होती, कुल्फीचे पैसे सुद्धा लिहिलेले.

मग ती नववीतली मुलगी, म्हणजे निवडून आलेली पंतप्रधान, एकटीच बागेत गेली. बरोबर कोणी नाही. आणि त्याला म्हणाली, "चावी दी. वही तुझ्याकडेच ऱ्हवांदे. आमी पैसे खर्च केले की तू लिव आणि दर आयतवारी सगळ्यांफुडे वाच." पाच मिनिटांत चावी तिच्या हातात. पुढच्या रविवारी त्या पोराने खळ्यात उभं राहून काय वाचलं असेल त्या सरकारला! टेपचे दोन रोल आणले आणि बिल नाही, एका मंत्र्याच्या भावाला दोनदा बॅटिंग मिळाली, मुलींना पाळीने बॅटिंग देणार म्हणाले होते ती शुक्रवारी दिली नाही. म्हणजे जो स्वतः तीन वर्षं मुलींना करवंदीत पाठवत होता तोच आता मुलींच्या बॅटिंगवरून सरकारला झापत होता. आमचे हे झोपाळ्यावरून हसून हसून पडायचे बाकी होते. पण पुढच्या आठवड्यात बॅटिंग बरोबर पाळीने झाली.

त्या मुलीला कोणी शिकवलं नव्हतं. पण तिने जे केलं ते आपल्या देशात चालू आहे. संसदेची लोकलेखा समिती असते, सरकारने पैसा कुठे कसा खर्च केला, कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्चाचे हिशोब तपासणाऱ्यांच्या, अहवालात काय निघालं ते तपासणारी, तिचा अध्यक्ष १९६७ पासून विरोधी पक्षातला करायची पद्धत आहे. तिजोरीची चावी जिंकलेल्याकडे आणि वही हरलेल्याकडे. टीव्हीवरच्या चर्चेत हे कधी कानावर पडत नाही, तिथे आपलं कोण कोणाला काय म्हणालं तेवढंच.

आणि हरलेल्याला काम देण्याचं म्हणाल तर आपल्या कोकणाएवढं ते कोणाला माहीत असायला हवं? तेव्हाचा आपला राजापूर मतदारसंघ. १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै निवडून येत होते, प्रजा समाजवादी पक्षाचे, ते १९७१ ला गेले तोपर्यंत. एकदाही सरकारात नाहीत. त्यानंतर १९७१ ते १९९१ मधु दंडवते. चौतीस वर्षांच्या ह्या दोन खासदारांच्या काळात आपला माणूस मंत्री होता तो जेमतेम तीन-सव्वातीन वर्षं, ७७ ते ७९ रेल्वेमंत्री आणि ८९-९० ला अर्थमंत्री. बाकी सगळा वेळ समोरच्या बाकावर. लोक म्हणतात म्हणूनच कोकण मागे राहिलं, सत्तेतला खासदार असता तर रस्ते झाले असते. असतील कदाचित, मला त्यात पडायचं नाही, नंतर सत्तेतले पण पुष्कळ बघितले आणि मुंबई-गोवा हायवे पण बघतोय. पण नाथ पैंचं भाषण असलं की समोरचे ऐकायचे असं आमचे वडील सांगायचे. १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूलभूत हक्कांना संसदेला हात लावता येणार नाही, त्यावर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत आणायचं खासगी विधेयक मांडलं ते कोणी सरकारातल्या मंत्र्याने नाही, ह्या विरोधी बाकावरच्या आमच्या खासदाराने, आणि देशभर त्यावर वाद झाला. ते बरोबर होते की चूक हा वेगळा विषय. विरोधात बसून काम करता येतं, हे आपल्या आजोबा-वडिलांनी बघितलेलं आहे एवढंच मला म्हणायचंय.

७७ ची निवडणूक मला आठवते, मी शाळेत होते. वाडीत रेडिओ दोनच, त्यातला एक दुकानावर. आमचे खासदार दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते. मार्चच्या त्या रात्री रायबरेलीत इंदिरा गांधीच पडल्या, राजनारायणनी पाडलं, ही बातमी आली तेव्हा दुकानदाराने रेडिओ बडवून बघितला, त्याला वाटलं स्टेशन चुकलं. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांत दिल्लीत सरकार बदलायची पहिली वेळ. बदलतं म्हणजे काय करतात हेच कोणाला माहीत नव्हतं. देतील का सोडून? लष्कर येईल का? आमच्या दुकानावर दोन्ही बाजूंनी पैजा लागल्या होत्या. आणि झालं काय, २१ मार्चला आणीबाणी उठली, २२ ला इंदिराबाईंनी राजीनामा दिला, राष्ट्रपती वारलेले होते म्हणून बी. डी. जत्ती काम बघत होते त्यांच्याकडे, आणि २४ ला मोरारजींचा शपथविधी. चार दिवस. आणीबाणी लावली म्हणून ज्यांना शिव्या घातल्या, अजून घालतो, आणि घालायलाच पाहिजेत, त्यांनी हरल्यावर चावी दिली हे पण लिहून ठेवायला पाहिजे. दोन्ही खरं आहे.

आमचे दंडवते रेल्वेमंत्री झाले, सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या टाकल्या म्हणून देशभर नाव झालं, आणि आमच्याकडे तेव्हा बसायला गाद्याच काय, रेल्वेच नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं.

पण त्यापुढचं जे आहे ते मला जास्त मोठं वाटतं. नव्या लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले आपले यशवंतराव चव्हाण. महिन्यापूर्वी परराष्ट्रमंत्री होते, आता त्या खात्यात वाजपेयी येऊन बसले आणि यशवंतराव समोर. आणि जनता सरकारने त्याच १९७७ मध्ये कायदा केला, की संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला सरकारी पगार, भत्ते, घर, कायद्याने दर्जा. म्हणजे बघा, मधु दंडवत्यांसारखे जे लोक महिनोन् महिने तुरुंगात बसून आले त्यांनी, ज्यांच्या सरकारने तुरुंगात घातलं त्यांच्या नेत्याला पगार आणि बंगला बांधून दिला. कोणी म्हणेल मूर्खपणा. ते सरकार पुढे आपसात भांडून अडीच वर्षांच्या आत पडलं, जानेवारी १९८० ला इंदिराबाई परत आल्या, सगळं खरं. कायदा मात्र राहिला. आणि ८० च्या त्या लाटेत पण राजापूरने दंडवत्यांनाच पाठवलं, परत समोरच्या बाकावर.

आत्ताची स्थिती काय? लोकसभेत २०१४ ते २०२४ दहा वर्षं विरोधी पक्षनेताच नव्हता. काँग्रेसला एकदा ४४ आणि एकदा ५२ जागा, आणि दहा टक्के म्हणजे ५५ लागतात असं म्हणतात. त्या ७७ च्या कायद्यात दहा टक्क्यांचा आकडा नाही, सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच आहे, आकडा प्रथेतून आला. आणि दोष एकाच पक्षाला नाही, १९८० नंतरची जवळजवळ दहा वर्षं काँग्रेसच्या राज्यात पण ती खुर्ची अशीच रिकामी होती. आपल्या विधानसभेत २०२४ च्या निकालात एकाही विरोधी पक्षाला दहा टक्के म्हणजे २९ आमदार मिळाले नाहीत. ज्यांच्याकडे चावी त्यांना वही नकोशीच असते, मग चावी कोणाकडे पण असू दे.

बाहेरच्या देशातली एक गोष्ट पोरांना सांगितली ती त्यांना फार आवडली. आफ्रिकेत गांबिया म्हणून चिमुकला देश आहे, तिथे गोट्यांनी मतदान करायचे. खरंच. उमेदवाराचा एक रंगवलेला पत्र्याचा ड्रम, त्यावर फोटो, वर नळी, आपण काचेची गोटी टाकायची, आत घंटी वाजते. दोनदा वाजली की कळलं दोन गोट्या टाकल्या. शाई पुसा नाहीतर काही करा. तिथे याह्या जामे नावाचा अध्यक्ष, १९९४ ला बंड करून आलेला, २२ वर्षं राज्य, आणि डिसेंबर २०१६ ला हरला, अदामा बॅरो जिंकले. हरला ते टीव्हीवर येऊन मान्य केलं, फोन करून अभिनंदन केलं आणि आठवड्याने म्हणाला मला निकाल मान्य नाही. बॅरोंना शपथ घ्यायला शेजारच्या सेनेगलमध्ये जावं लागलं, डाकारला गांबियाच्या वकिलातीत, जानेवारी २०१७ मध्ये. शेजारच्या देशांचं सैन्य आत घुसलं तेव्हा जामे विमानात बसून देश सोडून गेला. गोष्ट संपल्यावर सगळी पोरं त्या डोंबिवलीकराकडे बघायला लागली. तो म्हणाला मी फक्त दोन दिवस नाही दिली. पुढच्या मेमध्ये मतदान गोट्यांनी असं माडदेशाच्या संसदेत एकमताने पास झालंय.

तर त्या पत्र लिहिणाऱ्या वाचकांना आणि शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांना, जे अजून नोकरीत आहेत, माझं एवढंच सांगणं आहे की शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक जरूर घ्या, ॲप लावा, शाई लावा, पण दोन गोष्टी वाढवा. एक म्हणजे जुन्या मंत्र्याने नव्याला चार्ज देऊ दे, नुसत्या टाळ्या नकोत. आपली बदली झाली की आपण डेडस्टॉक रजिस्टर घेऊन बसतो की नाही, खुर्च्या इतक्या, तक्ते इतके, घंटा एक, दोघांच्या सह्या? तसं क्रीडामंत्र्याने कपाट उघडून दाखवायचं, रिंग इतक्या, दोऱ्या इतक्या, फुटका बॉल एक, सही कर. हरलेल्या पोराला जिंकलेल्याच्या समोर बसून सही करायची सवय लागली की ती चिडवाचिडवी अर्धी तिथेच मरते. मोठ्यांना ही सवय नाही, एका गावात नवीन सरपंचाला कपाटाची चावी मिळायला गणपती आले होते, गावाचं नाव सांगत नाही, आमच्या ओळखीचे आहेत तिथे.

आणि दुसरं, हरलेल्या उमेदवारांना घरी नका पाठवू. दर शनिवारी परिपाठाला त्यांना पाच मिनिटं द्या. प्रचारात काय बोलला होतात आणि काय केलंत ते त्यांनी वाचायचं, मुख्यमंत्र्याने उत्तर द्यायचं. बागेला पाणी घालणार म्हणाला होतात, घातलं का? पाण्याच्या टाकीचा नळ गळतोय, कधीपासून? मास्तरांनी मध्ये बोलायचं नाही, हे सगळ्यात कठीण आहे, मला माहीत आहे, आपल्याला गप्प बसता येत नाही. एकच काळजी घ्या, वही त्या पोराच्या हातात द्या, तोंडी नको. लिहिलेलं असलं की भांडण मुद्द्यावर राहतं, नाहीतर ते आई-बापावर जातं.

त्या वाचकांनी लिहिलंय की ह्याने मुलं राजकारणी होतील. होऊ देत की. सतरा सी वर सही घ्यायला रात्री उशिरापर्यंत मतदान केंद्रावर थांबणारा एखादा तरी एजंट त्यातून तयार झाला तरी पुष्कळ. ड्युटीला असताना मी बघितलंय, सकाळी मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी मशीनची चाचणी असते, निदान पन्नास मतं टाकून मोजून दाखवायची असतात एजंटांच्या समोर, तेव्हा एजंट डोळे चोळत येतात, कधी एकच येतो. दिवसभर खुर्चीवर. संध्याकाळी एकूण मतं किती झाली तो कागद, तोच सतरा सी, त्याची प्रत एजंटला द्यायची असते, तर चहा प्यायला गेलेला असतो. आणि निकालानंतर तोच मशीनच्या नावाने बोंबलतो. मशीनवर शंका घ्यावी, अवश्य घ्यावी, पण कागद घेऊन घ्यावी.

आमची माडदेशाची मंडळी आता पांगली. डोंबिवलीकराने जाताना वही मुलीकडे नाही दिली, माझ्याकडे ठेवून गेला, शिल्लक ३५ रुपये आणि सव्वीस काजूबिया, खाली दोघांच्या सह्या आहेत. फोनवर विचारत असतो बिया उंदरांनी खाल्ल्या नाहीत ना. पुढच्या वर्षी तो परत उभा राहणार आहे, ह्या वेळी जाहीरनाम्यात मुलींची बॅटिंग पहिल्या नंबरवर आहे असं त्याच्या आईकडून कळलं.

पत्र लांबलं, माहीत आहे. जागा कमी असेल तर ७७ चं कापा, गांबियाचं पण कापलं तरी चालेल, ते पोरांसाठी होतं. चार्ज आणि शनिवारच्या वहीचं तेवढं कापू नका.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग